टर्बोच्या गाडीत कोणते ऑइल?

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेले भाषण आणि त्यानंतरची काही प्रश्नोत्तरे)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. जेवणे झाली, डोळे जड झाले, आणि अशा वेळी मला उभे केले आहे ते इंजिनातल्या ऑइलवर बोलायला. कुणी म्हणेल, कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत मोटारीच्या ऑइलचे काय काम? त्याने जरा मांडवाबाहेर जाऊन यावे. बाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांतल्या बहुतेक सेकंडहँड आहेत आणि बहुतेक डिझेलच्या आहेत. दोन-चार वर्षांच्या पिकातून काही उरले, थोडे सोसायटीचे, थोडे पाहुण्यांचे घेतले आणि गाडी दारात आली. आता तीच गाडी बाळंतिणीला दवाखान्यात नेते, तीच बियाणे-खताच्या बॅगा आणते, लग्नात वऱ्हाडही तीच वाहते. जमीन आणि बैलजोडी सोडली तर घरातली सगळ्यात महाग वस्तू तीच. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतली डिझेल गाडी असेल तर तिच्यात बहुतेक करून टर्बो आहे. मालकाला ते ठाऊक असो वा नसो.

मी गॅरेज चालवतो. घरी सहा एकर कोरडवाहू आहे, ते भाऊ पाहतो. गॅरेजात टर्बो गेलेली गाडी येते तेव्हा मालकाच्या तोंडाकडे पाहवत नाही. कारण बिल पाच आकडी होते, आणि टर्बो जाण्याच्या कारणांत ऑइल सगळ्यात वरचे आहे. चुकीचे ऑइल, मुदत संपलेले ऑइल, कमी ऑइल किंवा घाण ऑइल. म्हणून आज फक्त ऑइल.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्यात पुष्कळ जोर शिल्लक असतो. तो सायलेन्सरमधून वाया जायचा. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ साली पेटंट घेतले ते हा जोर कामाला लावण्याचे. धुराच्या वाटेत एक चक्र बसवायचे, ते धुराने फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, म्हणजे जास्त डिझेल नीट जळणार, म्हणजे लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद. आधी जहाजांत आणि मोठ्या इंजिनांत आले, १९६२ साली अमेरिकेत मोटारीत आले, १९७८ साली मर्सिडीजने डिझेल मोटारीला बसवले. आपल्या खेड्यात ते खऱ्या अर्थाने पोचले २००७ साली स्विफ्ट डिझेलमध्ये आले तेव्हापासून. फियाट कंपनीचे ते १२४८ सीसीचे इंजिन. मारुती, टाटा, फियाट, शेवरोले या सगळ्यांनी आपापली नावे देऊन तेच वापरले. आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही ते तयार होत होते. २०२० साली प्रदूषणाचे नवे नियम आले आणि मारुतीने डिझेल बंद केले. पण जुन्या बाजारात हे इंजिन आजही हातोहात विकले जाते. आपल्यापैकी निम्म्या जणांच्या दारात तेच असेल. म्हणून माझी बरीच उदाहरणे त्याचीच असतील.

आता या दोन चक्रांमधला दांडा किती वेगाने फिरतो? आपल्या छताचा पंखा मिनिटाला तीनशे-चारशे फेरे घेतो. गाडीचे इंजिन रस्त्यावर दोन-तीन हजार घेते. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. एका टोकाला धूर, सातशे-आठशे अंशांचा. पेट्रोलच्या टर्बोत तर त्याहून जास्त. दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. आणि मधे बेअरिंग. बहुतेक गाड्यांच्या टर्बोत हे गोळ्यांचे बेअरिंग नसते, पितळी बुशासारखे असते. दांडा आणि बुश यांच्यामध्ये केसाच्या जाडीपेक्षाही कमी जागा, आणि त्या जागेत ऑइल. दांडा धातूला टेकतच नाही, तो ऑइलवर तरंगतो. ज्या क्षणी ते ऑइल नाही, त्या क्षणी धातूला धातू लागला.

आपल्या आजोबांच्या बंडीला वंगण घालायला एक दिवस उशीर झाला तर चाक कुरकुरायचे, बैलांना ओढ जड जायची, पण बंडी घरी पोचायची. टर्बो एवढा वेळ देत नाही. (जाता जाता सांगतो, एका नामांकित ऑइल कंपनीच्या नावातच आपले एरंडेल दडलेले आहे. कॅस्ट्रॉल हे नाव कॅस्टर ऑइल, म्हणजे एरंडेलावरून पडले. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत एरंडेल जायचे. बंडीच्या आसाला एरंडेल लावणारा आपला म्हातारा अडाणी नव्हता.)

या ऑइलला टर्बोत दोन कामे करायची असतात. दांड्याला तरंगत ठेवायचे हे एक. आणि तिथली उष्णता उचलून खाली इंजिनाच्या चेंबरमध्ये आणायची हे दुसरे. ते एका बारीक पाइपने वर येते आणि दुसऱ्या जाड पाइपने आपल्या वजनाने खाली उतरते. आता विचार करा. तुम्ही घाट चढून, पाच माणसे आणि वर सामान घेऊन, भरधाव आलात. ढाब्यापाशी थांबलात, लगेच चावी फिरवली. इंजिन बंद, ऑइलचा पंप बंद. टर्बोच्या पोटात जे ऑइल आहे ते तिथेच अडकले आणि बाजूला लालभडक तापलेले लोखंड. कढई चुलीवर तशीच ठेवून फोडणी विसरली तर तेलाचे काय होते? काळे, चिकट आणि मग कडक. टर्बोत तेच होते. कोळसा धरतो. आज थोडा, उद्या थोडा. बारीक पाइप आतून भरत येतो आणि एक दिवस वर ऑइलच पोचत नाही.

एका शेतकऱ्याचे सांगतो. त्याने जुनी डिझेल गाडी घेतली, चांगली चालली. एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिली. तिथे ड्रममधले सुटे ऑइल घातले, वीस-पन्नासचे, जाड. 'गाडी जुनी आहे, जाड ऑइल टाकलं की इंजिन मऊ चालतं,' असे सांगितले. पुढे वर्षभर बदललेच नाही, कारण गाडी चालत होती. टर्बो गेला. नवा बसवला. चार महिन्यांत नवाही गेला. मग ती गाडी माझ्याकडे आली. मी टर्बोला हात लावण्याआधी ऑइलचा बारीक पाइप काढला आणि फुंकर मारून पाहिली. फुंकर पलीकडे गेली नाही. पाइप कोळशाने भरला होता. ज्याने नवा टर्बो बसवला त्याने पाइप साफ केला नव्हता, बदललाही नव्हता. आजारी विहिरीवर नवी मोटर बसवावी तसे झाले. मोटर जळाली की दोष मोटरला.

एवढे लक्षात ठेवा: टर्बो बदलायची वेळ आली तर पाइप आणि त्यातली जाळी बदलल्याशिवाय, चेंबर उघडून साफ केल्याशिवाय आणि नव्या टर्बोत हाताने ऑइल भरल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका. मेकॅनिक रागावला तरी चालेल.

आता मुख्य मुद्दा. ऑइल निवडायचे कसे?

आपण कृषी केंद्रात जातो तेव्हा पूर्वी काय मागायचो? डब्यावरचे चित्र पाहून औषध मागायचो. मग हळूहळू शिकलो, की वीस कंपन्यांची वीस नावे, पण आत एकच इमिडाक्लोप्रिड. बाटलीवर बारीक अक्षरात टेक्निकलचे नाव आणि टक्केवारी असते, तीच खरी. कंपनीचे नाव म्हणजे लेबल. आज आपली पोरे दुकानदाराला टेक्निकल विचारतात. ऑइलच्या डब्याचे अगदी तसेच आहे. समोर मोठ्या अक्षरात पळती गाडी, आग, वाघ, काय काय असते. ते पाहायचे नाही. डबा फिरवायचा आणि मागची बारीक अक्षरे वाचायची. तिथे तीन गोष्टी असतात.

पहिली गोष्ट जाडी. पाच-डब्ल्यू-तीस, पंधरा-डब्ल्यू-चाळीस, वीस-डब्ल्यू-पन्नास असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतला, दुसरा आकडा गरम इंजिनातला. पहिला आकडा जितका लहान तितके ते थंडीत पातळ राहते, लवकर धावते. दुसरा जितका मोठा तितके ते शंभर अंशांला जाड. दोन आकड्यांचा गुणाकार-भागाकार काही नाही, ते टक्केही नाहीत. तपासणीच्या कोष्टकातले ते वर्ग आहेत.

इथे मला नेहमी एक वाद ऐकू येतो. 'आपल्याकडे कुठली आली थंडी? मे महिन्यात पंचेचाळीस अंश तापमान. पातळ ऑइल आपल्या उन्हात पाणी होईल, जाडच बरे.' ऐकायला खरे वाटते. पण इंजिनाला बाहेरचे ऊन फारसे ठाऊक नसते. पाणी नव्वद अंशांच्या आसपास ठेवायला त्याच्यात थर्मोस्टॅट आहे. डिसेंबर असो की मे, इंजिन तापल्यावर ऑइल शंभराच्या जवळपास किंवा वरच असणार. बाहेर पंचेचाळीस म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने गारवाच. उन्हाळ्यात चढावर भरलेली गाडी नेली तर ऑइल जास्त तापते हे खरे, पण गाडी बनवणाऱ्याने ते धरूनच जाडी ठरवलेली असते.

याउलट डिसेंबरच्या पहाटे पारा दहावर असतो तेव्हा बघा. रात्रभर सगळे ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेले. त्या गारठ्यात वीस-डब्ल्यू-पन्नास हे पाच-डब्ल्यू-तीसपेक्षा निदान अडीच-तीन पट जाड असते. ते काकवीसारखे हळूहळू सरकणार. आणि टर्बो हा ऑइलच्या वाटेवरचा अगदी शेवटच्या चारीवरचा शेतकरी. पाणी त्याच्याकडे सगळ्यात उशिरा पोचते. तेवढ्यात पोराने चावी मारून दोनदा रेस दिली, की दांडा कोरडाच पन्नास हजारांवर जातो. रोज थोडी झीज. फियाटच्या त्या इंजिनात तर टायमिंगची साखळीही ऑइलच्या दाबाने ताणून धरलेली असते. ऑइल उशिरा पोचले किंवा घाण झाले की साखळी खडखडायला लागते. म्हणजे टर्बो वाचला तरी साखळी धरते.

म्हणून 'गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाका' हे मला मान्य नाही. इंजिन झिजून ऑइल जाळत असेल तर पुस्तकात ज्या दोन-तीन जाड्या दिल्या असतील त्यांतली जाड घ्या, पुस्तकाबाहेर जाऊ नका. पण याचा अर्थ पाच-डब्ल्यू-तीस सगळ्यांना, असाही नाही. जुन्या जीपगाड्यांच्या, पिकअपच्या टर्बो डिझेलला कंपनीनेच पंधरा-डब्ल्यू-चाळीस सांगितलेले असेल, तर त्यात तेच बरोबर. पातळ ते चांगले किंवा जाड ते चांगले, असे काही नाही. त्या इंजिनातल्या फटी ज्या ऑइलसाठी कापल्या आहेत ते चांगले.

दुसरी गोष्ट दर्जा. डब्यावर एपीआय असे लिहून पुढे दोन इंग्रजी अक्षरे असतात. एपीआय म्हणजे अमेरिकेची पेट्रोलियम संस्था. पहिले अक्षर एस असेल तर पेट्रोलसाठी, सी असेल तर डिझेलसाठी. दुसरे अक्षर जितके पुढचे तितका दर्जा नवा. पेट्रोलमध्ये एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. डिझेलमध्ये सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा, सीके-४ २०१६ चा. आता गंमत अशी, की सीएफ-४ लिहिलेला स्वस्त डबा आजही बाजारात दिसू शकतो. तो नकली नसतो, तो खराही असतो. पण तो तीस वर्षांहून जुन्या इंजिनांच्या गरजेवर बेतलेला आहे. टर्बोची उष्णता आणि काजळी झेलायला पुढच्या दर्जांमध्ये जी औषधे वाढवली, ती त्यात नाहीत. दुकानदार खोटे बोलत नाही. तुम्ही विचारत नाही, एवढेच.

त्याच्याच शेजारी कधी एसीईए असे असते. हा युरोपातल्या गाडी कंपन्यांचा दर्जा. फियाट, रेनो, फोक्सवॅगनकडून आलेल्या इंजिनांना हाच पाहावा लागतो. त्यात सी-२, सी-३ असे प्रकार असतात. एक गोष्ट समजून घ्या: दोन डबे, दोन्हींवर पाच-डब्ल्यू-तीस, तरी आत एकच ऑइल असेल असे नाही. दीडशे अंशांवर घासून पाहण्याची एक तपासणी असते. तिच्यात सी-२ ला निदान २.९ गुण पुरतात, सी-३ ला निदान ३.५ लागतात. म्हणजे तापल्यावर आणि चिरडले गेल्यावर सी-३ चा थर जास्त टिकतो. ज्या टर्बोला सी-३ सांगितले त्याला सी-२ घालायचे नाही. नुसते 'पाच-तीस द्या' म्हणून भागत नाही ते यासाठी.

तिसरी गोष्ट गाडीच्या कंपनीची स्वतःची मान्यता. काही कंपन्यांचा स्वतःचा क्रमांक असतो आणि तो पुस्तकात दिलेला असतो. डब्यावर 'मान्यताप्राप्त' लिहिले आहे की 'या दर्जाला योग्य' लिहिले आहे, हे नीट बघा. पहिल्यात गाडीच्या कंपनीने तपासून होकार दिला. दुसऱ्यात ऑइलवाला स्वतःच म्हणतो आहे. दुसरे नेहमी वाईटच असते असे मी म्हणत नाही. पण दोन्ही एक नाहीत.

आता १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ डिझेल गाडीबद्दल. ज्याच्याकडे नाही त्यानेही ऐकावे, उद्या तीच गाडी सेकंडहँडमध्ये आपल्याकडे येणार आहे. बहुतेक अशा गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी एक चाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की गाडी ती आपोआप जाळून टाकते. पण चुलीपाशी बसणाऱ्या माझ्या बहिणींना मी काय सांगणार? कोळसा पुन्हा जळतो, राख पुन्हा जळत नाही. ऑइलमध्ये कॅल्शियम, जस्त अशी औषधे असतात. थोडे ऑइल जळतेच आणि त्याची राख चाळणीत कायमची बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. सी-३ मध्ये राख ०.८ टक्क्यांच्या वर चालत नाही. तिथे जुन्या दर्जाचे ऑइल घातले तर गाडी लगेच बंद पडणार नाही. दोन-चार वर्षांनी चाळणी भरेल, आणि ती टर्बोपेक्षाही महाग पडू शकते.

शिवाय अशी गाडी फक्त गावातल्या गावात, दोन-तीन किलोमीटर फिरवली, तर काजळी जाळायचे काम अर्धवट राहते. त्यासाठी जादा फवारलेले डिझेल चेंबरमध्ये उतरते. पट्टीवर ऑइल वाढलेले दिसते आणि मालक खूश होतो, की आमची गाडी ऑइल खातच नाही! ते ऑइल नाही, डिझेल मिसळून पातळ झालेले पाणचट मिश्रण आहे. खुणेच्या वर पातळी गेली की किलोमीटर न मोजता बदला.

पेट्रोलच्या टर्बोबद्दल थोडक्यात. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी लहान इंजिने आता आली आहेत. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात एकदम जोर मागितला तर त्यांच्यात ठिणगीआधीच जाळ धरतो आणि पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमचा त्यात हात आहे असे आढळले. म्हणून २०१८ साली एसएन प्लस आणि २०२० साली एसपी हे दर्जे आले. अशा गाडीत एसएलचा जुना डबा नको.

सिंथेटिक की साधे? टर्बोला सिंथेटिक जास्त सोसते. तापले तरी कोळसा कमी धरतो, थंडीत लवकर धावते. पण 'सिंथेटिक' या शब्दावर पैसे देऊ नका. तो शब्द किती सैल आहे यावर अमेरिकेत १९९९ साली दोन बड्या कंपन्यांचा जाहिरातीवरून तंटा झाला, आणि चांगले शुद्ध केलेले खनिज तेलही सिंथेटिक म्हणून विकायला तिथे वाट मोकळी झाली. शब्दापेक्षा मागचे दर्जे पाहा. ज्या गाडीला पुस्तकात साधे पंधरा-चाळीस चालते, तिच्यात महागडे सिंथेटिक ओतून दुप्पट किलोमीटर चालवण्यापेक्षा योग्य दर्जाचे साधे ऑइल वेळेवर बदललेले बरे.

आता हिशेब करू. समजा बरोबर ऑइल आणि सुटे ऑइल यांत लिटरमागे दोनशे रुपयांचा फरक आहे. फियाटच्या त्या इंजिनात तीन-सव्वातीन लिटर बसते. म्हणजे एका खेपेला साडेसहाशे रुपये जास्त. टर्बोचे काम पंचवीस हजार धरा. साडेसहाशेने पंचवीस हजाराला भागा. वर्षाला एकदा ऑइल बदलले तर अडतीस वर्षांचा फरक एका टर्बोत गेला. आणि पंचवीस हजार म्हणजे आपल्या भाषेत किती? २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा आधारभाव ८,११० रुपये. म्हणजे तीन क्विंटलच्या वर कापूस. संकरित ज्वारीचा ३,६९९. म्हणजे पावणेसात क्विंटल ज्वारी. तोही आधारभाव हाती पडला तर. कोरडवाहू रानात एका एकराचा बहुतेक कापूस गेला म्हणायचा, एका पाइपातल्या कोळशापायी.

बरोबर ऑइल घेतले तरी ते खरे आहे का? रिकाम्या डब्यात भलतेच भरून विकण्याचा धंदा आहेच. बोगस बियाण्याचा अनुभव असलेल्यांना मी जास्त सांगत नाही. सील पाहा, झाकणाची कडी पाहा, बॅच क्रमांक पाहा, पक्के बिल घ्या. डबा आपल्यासमोर फोडायला लावा आणि रिकामा झाला की तो खिळ्याने भोकसून घरी न्या. तुमच्याच रिकाम्या डब्यात उद्या नकली भरले जाते.

बाकीचे झटपट सांगतो. ऑइलबरोबर ऑइलचा फिल्टर बदलायचाच. आपले रस्ते धुळीचे आहेत, वर सरकीचा तूस उडतो. हवेचा फिल्टर फाटका असेल तर ती धूळ टर्बोच्या चक्राला वाळूसारखी लागते आणि खाली ऑइलमध्येही जाते. पुस्तकात खडतर वापरासाठी, म्हणजे धूळ, ओझे, लहान फेऱ्या यांसाठी बहुधा वेगळी, कमी किलोमीटरची मुदत दिलेली असते. आपण सगळे त्याच रकान्यात बसतो. सुरू केल्यावर अर्धा मिनिट रेस नको. जोरात आल्यावर बंद करण्याआधी मिनिटभर तशीच चालू ठेवा, तेवढ्यात पोरांना सामान उतरवू द्या.

माझे एवढेच. आता तुम्ही विचारा.

एक तरुण: काका, गाडी तिसऱ्या हातची आहे. पुस्तकच मिळालं नाही. मग काय पाहायचं?

बऱ्याच गाड्यांत ऑइल भरायच्या झाकणावरच जाडी छापलेली असते, ते आधी बघ. मग चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. गाडी तिथे लावायला नको, नुसते विचार की या नंबरच्या गाडीला कोणती जाडी आणि कोणता दर्जा. ते कागदावर लिहून घे आणि काचेच्या आतल्या बाजूला चिकटव. पुढच्या मालकालाही उपयोगी पडेल.

एक भगिनी: भाऊ, आमच्या घरी ऑइल काळं झालं की बदलतात. मागे बदललं तर आठ दिवसांत काळं. भेसळ होती का?

नाही ताई. डिझेल गाडीत ऑइल दोन-तीनशे किलोमीटरमध्येच काळे होते. काळे होते कारण ते आतली काजळी धुऊन अंगावर घेते आहे. धुण्याचे पाणी मळले तर साबण काम करतो आहे असेच आपण म्हणतो. उलट महिनोन् महिने स्वच्छ राहिले तर मला शंका येईल. रंगावर जाऊ नका, किलोमीटर आणि तारीख लिहून ठेवा.

एक शेतकरी: टर्बो चालला आहे हे आधी कळते का?

बहुतेक वेळा कळते. सायरनसारखी शिट्टी वाढते, चढावर गाडी ओढत नाही, निळा धूर निघतो, पट्टीवर ऑइल उतरू लागते. यांतले एक जरी दिसले तरी गाडी लांब नेऊ नका. क्वचित असे होते, की टर्बोचे सील जाते आणि डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊन आपोआप रेस घ्यायला लागते. चावी काढली तरी बंद होत नाही. घाबरून उडी मारू नका. वरचा गिअर टाकायचा, ब्रेक घट्ट दाबून धरायचा आणि क्लच सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडते.

एक वयस्क शेतकरी: ट्रॅक्टरचं ऑइल उरलं आहे पाच-सहा लिटर. गाडीत टाकलं तर?

कोणते उरले आहे, दादा? गिअर आणि ब्रेकचे असेल तर अजिबात नाही, ते इंजिनाचे नव्हेच. इंजिनाचे असेल तर डबा फिरवा. पंधरा-चाळीस, सीके-४ असेल आणि तुमच्या जुन्या पिकअपच्या पुस्तकातही तीच जाडी आणि तेवढा किंवा त्याखालचा दर्जा असेल, तर खुशाल घाला. स्विफ्टच्या पुस्तकात दुसरे काही लिहिले असेल तर ते सहा लिटर ट्रॅक्टरसाठीच ठेवा, झाकण घट्ट लावून, खतापासून लांब. पुढची ऑइल-बदली ट्रॅक्टरलाही येणारच आहे.